इंग्लंडातलं जुनं घर, एकेरी काचेच्या खिडक्या आणि बदलण्याआधीचा हिशोब

इंग्लंडात पहिलं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाच्या पदरात बहुधा जुनंच घर पडतं. शंभर-सव्वाशे वर्षांचं, लाल विटांचं, दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, पुढच्या खोलीला बाहेर आलेली बे-विंडो. जूनमध्ये घर बघायला जावं तेव्हा त्या वर-खाली सरकणाऱ्या लाकडी सॅश खिडक्या फार देखण्या वाटतात. नोव्हेंबर लागला की त्यांचा खरा स्वभाव कळतो. सोफ्यावर बसलं की मानेला गार झुळूक लागते, सकाळी काचेवरून पाणी ओघळत असतं, आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरलेली असते. अशाच एखाद्या संध्याकाळी विक्रेता दाराशी येतो, टॅब्लेट उघडतो आणि सांगतो, "सगळ्या खिडक्या बदला, बिलात वाचलेल्या पैशांतच खर्च भरून निघेल."

गॅसवर तापणाऱ्या घरात तो खर्च असा निघत नाही. आम्ही मिडलंड्समध्ये, म्हणजे मध्य इंग्लंडात, असंच एक टेरेस घर (रांगेतलं, शेजाऱ्यांना जोडलेलं) घेतलं तेव्हा मी वहीत आकडे मांडून बघितले, आणि गेल्या काही वर्षांत तीन-चार मित्रांच्या घरांसाठीही मांडून दिले. तरीही खिडक्या बदलण्यासारखी कारणं असतात, फक्त ती विक्रेता सांगतो त्याहून वेगळी असतात. नव्याने घर घेतलेल्यांसाठी ही रीत लिहून ठेवतो आहे. नियम सांगितलेत ते इंग्लंडचे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ते थोडे निराळे आहेत.

पहिली पायरी: काच कुठली आहे ते बघा

रात्री दिवे मालवा आणि काचेसमोर निरांजन किंवा लायटरची ज्योत धरा. (पडदा आधी नीट बाजूला करा, हे सांगायला नको.) काचेच्या प्रत्येक पृष्ठभागातून एक प्रतिबिंब दिसतं. दोन ज्योती अगदी जवळजवळ दिसल्या तर काच एकेरी. दोन-दोनच्या दोन जोड्या दिसल्या तर दुहेरी. चारांपैकी एका ज्योतीचा रंग बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसला तर त्या काचेवर लो-ई लेप (उष्णता परत फेकणारा पातळ थर) आहे, म्हणजे खिडकी बऱ्यापैकी आधुनिक आहे.

हे घरातल्या प्रत्येक खिडकीवर करा. आधीच्या मालकांनी मागच्या बाजूच्या बदलल्यात आणि पुढच्या तशाच ठेवल्यात, असं अनेक घरांत सापडतं. घराच्या ऊर्जा प्रमाणपत्रात, म्हणजे ईपीसीत, खिडक्यांची एक ओळ असते आणि ते प्रमाणपत्र सरकारी नोंदवहीत ऑनलाइन फुकट बघता येतं. पण ते वर्षानुवर्षं जुनं असू शकतं. निरांजनावर जास्त भरवसा ठेवा.

दुसरी पायरी: उष्णता जाते कशी, एवढं समजून घ्या

हा भाग वगळावासा वाटेल, पण पुढचे आकडे यावरच उभे आहेत. खिडकीतून किती उष्णता जाते ते यू-व्हॅल्यूने मोजतात. आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट जातात, तो हा आकडा. जितका लहान तितकं चांगलं. लाकडी चौकटीतल्या एकेरी काचेसाठी साधारण ४.८ धरतात, धातूच्या चौकटीत ५.७. वीस-पंचवीस वर्षांहून जुन्या दुहेरी खिडकीचा सुमारे २.८. आज बसणाऱ्या दुहेरी खिडकीचा १.४ किंवा त्याहून कमी, आणि तिहेरीचा १ च्या आसपास.

गंमत अशी की काच स्वतः उष्णता जवळजवळ अडवतच नाही. एकेरी काचेतून जो काही अडथळा मिळतो तो तिच्या दोन्ही अंगांना चिकटून असलेल्या हवेच्या पातळ थरांचा. म्हणून काच जाड करून फायदा होत नाही; चार मिलिमीटरची सहा केली तरी उष्णतेच्या दृष्टीने फरक नगण्य. दुहेरी खिडकीत मधली पोकळी काम करते. ती साधारण १६ मिलिमीटरची असते, तिच्यात बहुधा आर्गॉन वायू भरतात, आणि आतल्या काचेवरचा अदृश्य लेप खोलीची उष्णता खोलीतच परत फेकतो.

बाहेर शून्य आणि आत वीस अंश असताना एकेरी काचेच्या आतल्या अंगाचं तापमान पाच अंशांच्या आसपास उतरतं. चांगल्या दुहेरी काचेचं सतराच्या जवळ राहतं. वीस अंशांच्या खोलीत हवेची आर्द्रता साठ टक्के असेल तर बारा अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. मग पाच अंशांच्या काचेवरून पाणी ओघळणारच. मानेला लागणारी झुळूकही दर वेळी फटीतून येते असं नाही. काचेलगतची हवा गार होऊन जड होते आणि खाली घसरते, ती तीच.

तिसरी पायरी: तुमच्या घराचा हिशोब

टेप घ्या, फक्त एकेरी काचेच्या खिडक्या चौकटीसकट मोजा आणि क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढा. तीन बेडरूमच्या टेरेस घरात ते १२ ते १६ भरतं. आमचं १४ भरलं.

आता जागेची थंडी. ती डिग्री-डे या मापात मिळते: बाहेरचं तापमान साडेपंधरा अंशांच्या किती खाली गेलं, याची वर्षभराची बेरीज. लंडनकडे साधारण १,८०० ते २,०००, मिडलंड्समध्ये २,००० ते २,३००. दरवर्षी यात चढउतार असतो. मी २,१०० धरले.

जुना यू ४.८, नवा १.४, फरक ३.४. त्याला १४ चौरस मीटरने गुणलं की ४७.६ वॅट प्रति अंश. त्याला २,१०० आणि चोवीस तासांनी गुणून हजाराने भागलं की सुमारे २,४०० युनिट, म्हणजे किलोवॅट-तास. एवढी उष्णता वर्षाला वाचते. बॉयलर जाळलेल्या गॅसपैकी ८८ टक्के कामी आणतो असं धरलं तर वाचलेला गॅस झाला सुमारे २,७०० युनिट. २०२५ मध्ये नियामकाने ठरवलेल्या किंमत-मर्यादेखालचा गॅसचा दर युनिटला साधारण ६ ते ७ पेन्स होता. साडेसहाने गुणा: वर्षाला १७७ पौंड. चौरस मीटरमागे तेरा पौंडांच्याही आत.

आठ साध्या यूपीव्हीसीच्या (प्लॅस्टिकच्या) खिडक्यांचं आमचं कोटेशन होतं ६,८०० पौंडांचं. भागाकार करा: ३८ वर्षं. सीलबंद दुहेरी काच साधारण वीस-पंचवीस वर्षं टिकते. म्हणजे पैसे वसूल होण्याआधीच काचा पुन्हा बदलायची वेळ येणार. सॅशसारख्याच दिसणाऱ्या लाकडी दुहेरी खिडक्या हव्या असतील तर किंमत सहज दुप्पट-तिप्पट होते, आणि मग हा भागाकार करण्यातही अर्थ उरत नाही.

हा आकडा उदारच आहे. डिग्री-डेचा हिशोब घर दिवसभर तापवलेलं धरतो. तुम्ही सकाळी दोन तास आणि संध्याकाळी चार तासच हीटिंग लावत असाल, वरच्या खोल्या बंद ठेवत असाल, तर बचत आणखी कमी. उलट नव्या चौकटीमुळे फटी बुजतात त्याचे थोडे पैसे यात मिळवता येतील. मी दोन्हींची फिट्टंफाट धरतो.

एका घरात मात्र चित्र पालटलं. मित्राचा फ्लॅट साध्या विजेच्या हीटरवर तापायचा. २०२५ मध्ये विजेचा दर २५ ते २७ पेन्स होता, म्हणजे गॅसच्या चौपट. आमच्याच १४ चौरस मीटरला तो दर लावला तर बचत सव्वासहाशे पौंडांच्या घरात जाते आणि खर्च अकराएक वर्षांत निघतो. तेव्हा कुणी "आमचे पैसे निघाले" असं सांगितलं तर आधी त्यांचं घर कशावर तापतं ते विचारा. उष्णता-पंप असेल तर हिशोब जवळपास गॅससारखाच येतो, कारण एका युनिट विजेत तो तीनेक युनिट उष्णता देतो.

आणि आधीच जुन्या दुहेरी काचा असतील तर? यू २.८ वरून १.४. आमच्या क्षेत्रफळाला वर्षाला सत्तर-पंचाहत्तर पौंड. त्यासाठी खिडक्या उपटू नका. दोन काचांच्या मध्ये धुकं साचलं असेल तर सील गेलं आहे; चौकट धड असेल तर फक्त काचेचं सीलबंद युनिट बदलून मिळतं आणि ते कितीतरी स्वस्तात होतं. हे विक्रेता आपणहून सांगत नाही.

चौथी पायरी: आधी स्वस्तातले उपाय

वारा असलेल्या दिवशी उदबत्ती लावा आणि खिडकीच्या कडेने हळूहळू फिरवा. सॅशच्या दोन भागांची जिथे गाठ पडते ती मधली पट्टी, दोन्ही बाजूंचे सरक, खालची कड. धूर जिथे आडवा होतो तिथे पेन्सिलने खूण करा. आमच्या पुढच्या खोलीत एका खिडकीवर अकरा खुणा झाल्या. सरकणाऱ्या खिडकीला ब्रशची पट्टी लागते, बिजागरीच्या खिडकीला रबराची किंवा फोमची चालते. स्वतः केलं तर एका शनिवारचं काम आणि थोडक्या पौंडांचा खर्च. कारागीर लावलात तर घरातल्या या कामावर मार्च २०२७ अखेरपर्यंत व्हॅट शून्य आहे. नव्या खिडक्यांवर मात्र पुरता वीस टक्के. सरकारने ऊर्जा वाचवणाऱ्या वस्तूंची यादी केली त्यात खिडक्या नाहीत, यातच काय ते आलं.

पडदे जाड, अस्तराचे घ्या. पण रेडिएटर खिडकीखाली असेल तर पडदा त्याच्यापुढे जमिनीपर्यंत सोडू नका. नाहीतर तुमचा गॅस पडद्यामागे काच तापवत बसतो. पडदा खिडकीच्या फळीवर टेकेल एवढाच ठेवा.

माझ्या मते खरी किफायत आहे ती दुय्यम काचेत, ज्याला इथे सेकंडरी ग्लेझिंग म्हणतात. जुनी खिडकी जागच्या जागी राहते आणि आतून आणखी एक पातळ चौकट बसते. ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने हिस्टॉरिक स्कॉटलंड या जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी संस्थेसाठी जुन्या सॅश खिडक्यांवर मोजमापं केली होती. त्यांत दुय्यम काचेने उष्णतेची गळती ६३ टक्क्यांनी घटली आणि आतल्या लाकडी झडपा मिटल्या की ५१ टक्क्यांनी. म्हणजे तुमच्या घरात जुन्या झडपा रंगाखाली चिकटून बसल्या असतील तर त्या आधी मोकळ्या करा. त्या मिटलेल्या असताना फुकटात अर्धी गळती थांबते.

दुय्यम काचेने यू साधारण २.४ पर्यंत येतो असं धरलं तरी नव्या खिडक्यांच्या बचतीतला सत्तर टक्के वाटा मिळतो. आमच्या हिशोबात सव्वाशे पौंड. मी ॲक्रिलिकचे पत्रे मापात कापून आणले आणि चुंबकी पट्टीवर लावले. खिडकीमागे साठ-सत्तर पौंड पडले. बसवायला ओबडधोबड हात चालतात, पण चौकट काटकोनात आहे असं समजू नका. सव्वाशे वर्षांच्या घरात काटकोन नावाची वस्तू नसते. प्रत्येक बाजू वेगळी मोजा. रस्त्याचा आवाज हेही दुखणं असेल तर खऱ्या काचेची चौकट घ्या आणि दोन काचांत दहाएक सेंटीमीटर अंतर ठेवा. भाड्याच्या घरात राहत असाल तर हेअर-ड्रायरने ताणायची पारदर्शक फिल्म एका हिवाळ्यापुरती ठीक आहे.

पाचवी पायरी: बदलायच्या कुठल्या

स्क्रूड्रायव्हरचं टोक खालच्या आडव्या लाकडात दाबून बघा. सहज आत गेलं तर लाकूड कुजलं आहे. अशा खिडकीवर तुम्हाला काही ना काही खर्च करावाच लागणार. मग नवीन खिडकी आणि दुरुस्ती यांच्या खर्चातला फरक तेवढा बचतीशी ताडा, पूर्ण किंमत नव्हे. दुरुस्ती-रंगाला साडेतीनशे आणि नव्या खिडकीला साडेआठशे पौंड असतील, तर प्रश्न पाचशेचा आहे. आमच्या घरात यानेही बावीस-तेवीस वर्षं आली, पण एवढ्यावर मी हो म्हणू शकतो. कारण काचेचं आतलं तापमान वाढलं की त्याला जोडून बाकी गोष्टी येतात: बुरशी थांबते, खिडकीजवळची खुर्ची हिवाळ्यातही वापरता येते, आणि खोली "गार वाटते" म्हणून थर्मोस्टॅट एक अंश वर सरकवायचा मोह होत नाही. बाळ किंवा दम्याचं माणूस ज्या खोलीत झोपतं तिथे तर मी भागाकार करतच नाही.

मात्र जुनं सॅशचं लाकूड निरोगी असेल तर ते उपटून प्लॅस्टिक बसवणं मला पटत नाही. ते सावकाश वाढलेल्या झाडांचं, घट्ट वलयांचं पाइन असतं आणि रंग वेळेवर दिला तर तुमच्या नातवंडांनाही पुरेल.

सहावी पायरी: परवानग्या आणि कागद

फ्लॅट असेल तर सर्वांत आधी लीज काढून वाचा. खिडकीची चौकट बऱ्याचदा फ्रीहोल्डरच्या (इमारतीच्या मूळ मालकाच्या) मालकीची असते आणि त्याच्या लेखी संमतीशिवाय तुम्ही तिला हात लावू शकत नाही. आपल्याकडच्या सोसायटीत सेक्रेटरीला चहा पाजून जे निभतं ते इथे निभत नाही. इमारत 'लिस्टेड', म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत नोंदलेली, असेल तर वेगळी संमती लागते आणि तिच्याविना काम करणं हा फौजदारी गुन्हा आहे. कॉन्झर्व्हेशन एरियात, म्हणजे जुनं रूप जपायच्या भागात, असाल तर कौन्सिलने (स्थानिक पालिकेने) 'आर्टिकल ४' लावलं आहे का ते विचारा; ते असेल तर एरवी न लागणारी नियोजन परवानगी खिडक्यांनाही लागू शकते.

साध्या घराला नियोजन परवानगी बहुधा लागत नाही, पण बांधकाम नियम लागतातच. जून २०२२ पासून बदललेल्या खिडकीचा यू १.४ किंवा त्याखाली हवा, नाहीतर ऊर्जा-श्रेणी किमान बी हवी. जमिनीपासून ८०० मिलिमीटरच्या खालच्या काचेला सुरक्षा-काच लागते. हवा खेळण्यासाठी चौकटीतल्या बारीक झडपा, म्हणजे ट्रिकल व्हेंट, नव्या खिडकीत बहुतेक ठिकाणी येतातच. त्या चिकटपट्टीने बंद करू नका. फेन्सा किंवा सर्टास अशा योजनेत नोंदलेला कारागीर स्वतःच काम प्रमाणित करतो आणि तुम्हाला दाखला येतो. नोंदणी नसलेला स्वस्त माणूस पकडलात तर कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलकडे अर्ज तुम्हाला करावा लागेल. घर विकताना खरेदीदाराचा वकील हा दाखला हमखास मागतो.

कोटेशन तीन घ्या, लेखी घ्या. यू-व्हॅल्यू पूर्ण खिडकीची लिहून मागा, कारण नुसत्या काचेच्या मधोमधची नेहमी चांगली दिसते. हमी विम्याने संरक्षित आहे का ते विचारा, म्हणजे कंपनी बुडाली तरी हमी उरते. "आजच सही केली तर चाळीस टक्के सूट, साहेबांना फोन लावतो" हे नाटक आमच्या दिवाणखान्यात तीनदा झालं. सही टाळा. घरी बसून केलेल्या करारातून चौदा दिवसांत माघार घेता येते हे खरं, पण तुमच्या मापाने बनवलेल्या वस्तूंना तो हक्क सहसा लागू होत नाही, आणि खिडकी म्हणजे नेमकी तीच वस्तू.

जाता जाता पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांसाठी

इथलं ऐकून तिकडे दुहेरी काचा बसवायला निघालेले दोघे तरी मला माहीत आहेत. बाहेर ४० आणि एसीच्या खोलीत २६ अंश असताना तीन चौरस मीटरची खिडकी एकेरीची साधी दुहेरी केली तर सव्वाशेएक वॅट वाचतात. त्याच खिडकीवर पश्चिमेचं थेट ऊन पडत असेल तर काचेतून हजार वॅटच्या वर उष्णता आत येते, आणि साधी दुहेरी काच त्यातला थोडाच भाग अडवते. छज्जा, बाहेरून सोडलेली चीक किंवा वाळ्याचा पडदा आधी करा. काचेच्या आत लावलेल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे ते घरात शिरलंच. दुहेरी काच तिकडे रहदारीच्या आवाजासाठी घ्यावी, विजेच्या बिलासाठी नाही.

आम्ही शेवटी मागच्या तीन कुजलेल्या खिडक्या बदलल्या आणि पुढच्या पाच सॅशना ब्रशपट्टी नि दुय्यम काच केली. त्या ऑक्टोबरात आई पुण्याहून आली होती. एका सकाळी तिने हाक मारली, "अरे, एवढे पैसे घालून बसवलेल्या काचेवर बाहेरून धुकं धरलंय, फसवलं वाटतं तुला." खोलीची उष्णता बाहेरच्या काचेपर्यंत पोचत नाही, म्हणून ती एवढी गार पडते की दव तिच्यावर बाहेरून बसतं. दहा वाजेपर्यंत ते निघून गेलं. आईने तोवर चौकटीची आतली कड बोटाने पुसून बघितली होती, कोरडी.